डुकराच्या अंगावर चरबी कशी साठते आणि ती आटोक्यात कशी ठेवावी: नव्या वराहपालकांसाठी मार्गदर्शन

वराहपालनात नव्याने उतरलेला माणूस बहुधा वजनाकडे पाहतो. जनावर शंभर किलोचे झाले की काम फत्ते झाले, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्या शंभर किलोंपैकी किती मांस आणि किती चरबी, यावर धंद्याचे गणित ठरते. लाल मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते, त्यामुळे एक किलो निव्वळ मांसात जेमतेम १२०० ते १३०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते. चरबीच्या ऊतीत पाणी फारच थोडे असल्याने तिच्या एका किलोत ८००० किलोकॅलरींच्या आसपास ऊर्जा असते. मांस घडवताना ऊर्जेची नासाडी अधिक होते, तरी तो फरक जमेस धरूनही एक किलो चरबी तयार व्हायला एक किलो मांसाच्या सुमारे चौपट खाद्य-ऊर्जा खर्ची पडते. बाजारात मात्र चरबीला मांसाइतका भाव मिळत नाही. म्हणून चरबी कधी, कुठे आणि कशापासून बनते हे समजून घेणे हा प्रयोगशाळेपुरता विषय राहत नाही.

पहिली पायरी: चरबी कुठे कुठे असते ते ओळखावे

कत्तलीनंतर जनावर उघडले जाते तेव्हा पालकाने एकदा तरी समोर उभे राहून ते पाहावे. कातडीखाली, विशेषतः पाठीवर, चरबीचा जाड थर दिसतो, आणि नीट पाहिल्यास त्यात पातळ पडद्यांनी वेगळे झालेले दोन किंवा तीन थर ओळखू येतात. बाहेरचा थर लवकर तयार होतो, तर जनावर लठ्ठ होऊ लागल्यावर आतले थर झपाट्याने जाड होतात. पोटाच्या आत मूत्रपिंडांभोवती पांढरी, पानासारखी चरबी असते आणि आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यावर जाळीदार चरबी असते. याशिवाय दोन स्नायूंच्या मधोमध काही चरबी असते, आणि स्नायूच्या तंतूंमध्ये विखुरलेली बारीक चरबी असते, जिच्यामुळे शिजवलेले मांस रसदार लागते. या साठ्यांचे वेळापत्रक सारखे नसते. मूत्रपिंडांभोवतीची चरबी आधी भरू लागते, त्यानंतर कातडीखालची, आणि स्नायूच्या आतली सर्वांत शेवटी. त्यामुळे केवळ मांस चवदार व्हावे म्हणून डुक्कर लठ्ठ करू पाहणाऱ्याला, स्नायूत थोडी चरबी उतरेपर्यंत, पाठीवर आणि पोटात कितीतरी अधिक चरबीचा खर्च सोसावा लागतो.

दुसरी पायरी: नवजात पिल्लाजवळ चरबी नसते, हे धरून चालावे

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या वजनात चरबीचा वाटा जेमतेम एक ते दोन टक्के असतो; माणसाच्या नवजात बाळात तो साधारण १२ ते १५ टक्के असतो. सव्वा किलोच्या पिल्लात जी वीस-पंचवीस ग्रॅम चरबी असते तीही बहुतांशी पेशींच्या आवरणांत गुंतलेली असते, जाळून उष्णता मिळवण्याजोगी नसते. त्यातच डुकरांची आणखी एक अडचण आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या पिलांमध्ये तपकिरी चरबी नावाची खास ऊती असते आणि ती न थरथरता उष्णता निर्माण करते. या कामाला लागणारे यूसीपी-१ हे प्रथिन बनवणारे जनुक डुकरांच्या पूर्वजांमध्येच, सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी, निकामी झाले. त्यामुळे पिल्लाला थरथरून, यकृतातल्या आणि स्नायूंतल्या ग्लायकोजेनवर (ग्लुकोजच्या साठ्यावर) ऊब मिळवावी लागते, आणि तो साठा पहिल्या दिवसातच बराचसा संपतो.

यावरून करायची कामे सरळ आहेत. पिल्लांसाठी डुकरिणीपासून थोडा वेगळा, कोरडा आणि वाऱ्यापासून आडोसा असलेला कोपरा करावा आणि तिथे पहिले काही दिवस ३२ ते ३४ अंश सेल्सिअस तापमान ठेवावे. याउलट डुकरिणीला २० अंशांच्या आसपासचा गारवा मानवतो, म्हणून सगळी खोली तापवण्यापेक्षा पिल्लांच्या कोपऱ्यावर दिवा लावणे योग्य. विदर्भातील डिसेंबरच्या रात्री हे कोणालाही सुचते; कोकणातल्या पावसाळ्यात ओल्या फरशीवर पिल्लू तितकेच गारठते, हे मात्र सुचत नाही. चीक पहिल्या काही तासांतच प्रत्येक पिल्लाच्या पोटात गेला पाहिजे. दिवसभरात दोनशे ते अडीचशे ग्रॅम चीक मिळाला तर पिल्लू तरण्याची शक्यता बरीच वाढते. लहान पिल्ले मागे पडत असतील तर मोठ्यांना तासभर बाजूला ठेवून लहानांना आधी सडाला लावावे.

डुकरिणीच्या दुधात सात-आठ टक्के चरबी असते आणि पिल्लू ती जवळजवळ जशीच्या तशी अंगावर घेते. तीन-चार आठवड्यांत त्याच्या शरीरातील चरबीचे प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे जाते. पिल्लू गुटगुटीत दिसते ते त्यामुळेच, आणि ही चरबी त्याला हवीच असते. दूध तोडल्यावर पहिल्या आठवड्यात पिल्लू कमी खाते आणि याच साठ्यावर निभावते. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासूनच दुधाबरोबर थोडेथोडे कोरडे पिल्लूखाद्य समोर ठेवावे आणि दूध तोडल्यानंतरचे आठ-दहा दिवस ऊब कमी करू नये. या वयात चरबी कमी करण्याचा कोणताही प्रयत्न नुकसानीचाच ठरतो.

तिसरी पायरी: चरबीचा कारखाना कुठे आहे ते समजून घ्यावे

चरबीपेशी आधी संख्येने वाढतात आणि मग आकाराने. ऊतीत दडलेल्या अपक्व पेशी काही नियामक प्रथिनांच्या इशाऱ्यावर, त्यांत पीपीएआर-गॅमा मुख्य, चरबीपेशी होण्याच्या मार्गाला लागतात आणि तेलाचे थेंब साठवू लागतात. पहिल्या काही महिन्यांत संख्या आणि आकार दोन्ही वाढतात. पुढे, जनावर विक्रीच्या वजनाला येताना, मुख्यतः असलेल्याच पेशी फुगतात.

कोंबडीत किंवा माणसात नवी चरबी प्रामुख्याने यकृतात घडते आणि रक्तातून साठ्याकडे जाते. डुकरात ती चरबीच्या ऊतीतच घडते. भात, मका, ज्वारी, पाव यांतला स्टार्च पचून ग्लुकोज होतो. जेवणानंतर रक्तातील इन्सुलिन वाढले की चरबीपेशी तो ग्लुकोज ओढून घेते, त्याचे तुकडे करते आणि ते जोडून चरबीचे घटक असलेली आम्ले, म्हणजे आधी पामिटिक, मग स्टीअरिक आणि शेवटी ओलेइक आम्ल, बनवते. गाय-म्हशींमध्ये हाच कच्चा माल पोटातल्या जंतूंनी बनवलेल्या ॲसिटेटचा असतो. खाद्यातून आलेले तेल हा दुसरा मार्ग. ते फारसे न बदलता साठ्यात जाते, आणि ते भरपूर आले की पेशी स्वतःचे उत्पादन कमी करते. हा मुद्दा पुढे चरबीच्या घट्टपणाबद्दल बोलताना पुन्हा लागेल.

उपाशी राहिल्यावर हीच पेशी ॲड्रेनलिनसारख्या संप्रेरकांच्या प्रभावाखाली चरबी फोडून आम्ले रक्तात सोडते. पण हे हळू चालते. विक्रीपूर्वी दोन दिवस उपाशी ठेवले तर चरबी उतरेल, ही समजूत चुकीची आहे. तेवढ्यात आतडी रिकामी होतात, ग्लायकोजेन संपते आणि वजन घटते, पाठीवरचा थर आहे तिथेच राहतो.

चौथी पायरी: ऊर्जा आणि प्रथिन यांचा मेळ घालावा

येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण महाराष्ट्रात आणि गोव्यात छोटे पालक ज्या खाद्यावर डुकरे वाढवतात त्याचा प्रश्न नेमका इथेच आहे. डुक्कर आलेल्या ऊर्जेतून आधी श्वास, हालचाल, शरीराची ऊब हे रोजचे खर्च भागवते. उरलेल्यातून ते स्नायू घडवते, पण स्नायू घडवण्यासाठी ऊर्जेइतकीच अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, हीही लागतात, आणि त्यांत लायसिन सर्वांत आधी कमी पडते. लायसिन संपले की स्नायूंची वाढ तिथेच थांबते, मात्र खाणे थांबत नाही. शिल्लक ऊर्जेला चरबीवाचून दुसरी वाट उरत नाही. म्हणूनच भाताच्या आणि पावाच्या खरकट्यावर वाढलेले डुक्कर कमी वजनातही लठ्ठ असते. ते फार खाते हे त्याचे खरे कारण नसून त्याला प्रथिन फार कमी मिळते हे खरे कारण आहे, आणि अशा डुकराला निम्मे खायला घालून बारीक करू पाहणारा पालक उरलीसुरली वाढही गमावतो.

हिशेब मांडून पाहावा. तांदळाच्या कोरड्या भागात लायसिन जेमतेम ०.३ टक्के असते. तीस ते पन्नास किलोंच्या वाढत्या डुकराला कोरड्या खाद्यात ते एक टक्क्याच्या आसपास लागते, आणि साठ किलोंच्या पुढे ०.७ ते ०.८ टक्के पुरते. सोयापेंडीत ते सुमारे २.८ टक्के असते. शिजलेल्या भातात सत्तर टक्के पाणी धरले तर १० किलो भातात ३ किलो कोरडा माल निघतो. त्यात १ किलो सोयापेंड मिसळली की चार किलो मिश्रणात लायसिन ०.९ टक्क्यांवर येते. मोठ्या डुकरांसाठी तेवढ्याच भाताला ६०० ते ७०० ग्रॅम पेंड पुरे. पाव-चपातीत पाणी कमी असते, म्हणून १० किलो पावाला सुमारे २ किलो पेंड लागेल. शेंगदाणा पेंड वापरल्यास तिच्यात लायसिन जवळजवळ निम्मेच असते आणि बुरशी लागलेल्या पेंडीत अफलाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा धोका असतो, म्हणून माझे मत सोयापेंडीच्या बाजूने आहे, भाव थोडा जास्त असला तरी. खनिज मिश्रण वेगळे द्यावेच लागते.

तयार खाद्य वापरणाऱ्यांसाठी प्रथिनाचे ढोबळ आकडे असे आहेत: पिल्लांना २० टक्के, वाढत्या डुकरांना १८ आणि विक्रीपूर्वीच्या टप्प्यात १६. हे आकडे पाळले तरी प्रथिन कशातून आले हे पाहावे, कारण दोन पिशव्यांवर प्रथिनाची टक्केवारी तीच छापलेली असून लायसिन वेगळे असू शकते.

खरकटे वापरण्याबद्दल थोडे विषयांतर गरजेचे आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग भारतात प्रथम २०२० मध्ये ईशान्येत आढळला; त्यावर उपचार नाही आणि तो खरकट्यातल्या डुकराच्या मांसातून पसरू शकतो. हॉटेलातून येणारे अन्न ढवळत, उकळी कायम ठेवून, किमान तासभर शिजवावे, आणि त्यात डुकराचे मांस येऊ नये असा आग्रह हॉटेलवाल्याकडे पहिल्याच दिवशी धरावा. खरकट्यात मीठही असते, म्हणून स्वच्छ पाणी चोवीस तास समोर हवे. वर तरंगणारे तेल काढून टाकावे.

साठ किलोंच्या पुढे, विशेषतः खच्ची केलेल्या नरांना, पोटभर खाण्याच्या दहा ते वीस टक्के कमी देणे उपयोगी पडते. स्नायूंची रोजची वाढ तोवर कमाल पातळीला पोहोचलेली असते आणि भूक मात्र वाढतच असते, त्यामुळे जास्तीचा प्रत्येक घास चरबीत जातो. पण ही कपात प्रथिनाचा मेळ बसल्यानंतरच करावी.

पाचवी पायरी: जात आणि लिंग पाहून अपेक्षा ठेवावी

लार्ज व्हाइट यॉर्कशायर आणि लँडरेस या जाती कमी चरबीच्या म्हणून निवडत निवडत घडवलेल्या आहेत. ड्युरॉकमध्ये स्नायूच्या आतली चरबी अधिक मिळते. काही जनुकांचा वाटा स्पष्ट झालेला आहे: आयजीएफ-२ या जनुकातील एका अक्षराच्या बदलाने मांस वाढते आणि पाठीवरची चरबी घटते, तर भूक नियंत्रित करणाऱ्या एमसी४आर जनुकातील एका बदलाने खाणे, वाढ आणि चरबी तिन्ही वाढतात. गोव्यातील ‘अगोंदा गोवन’ ही राष्ट्रीय पातळीवर नोंदलेली स्थानिक जात आणि आपल्याकडील इतर गावठी डुकरे लवकर प्रौढ होतात, त्यामुळे त्यांच्या अंगावर चरबी लहान वजनातच चढू लागते. त्यांना यॉर्कशायरच्या वजनापर्यंत नेण्याचा हट्ट धरू नये.

एकाच विणीतल्या भावंडांतही फरक पडतो. खच्ची न केलेला नर सर्वांत कमी चरबीचा, मादी मधली आणि खच्ची केलेला नर सर्वांत लठ्ठ, असा क्रम असतो. असे असूनही नर खच्ची केले जातात ते वासासाठी. वृषणांत बनणारे अँड्रोस्टेनोन आणि आतड्यात बनणारे स्कॅटोल ही दोन द्रव्ये चरबीतच साठतात आणि मांस तापल्यावर उग्र वास सोडतात. खच्चीकरण पहिल्या एक-दोन आठवड्यांत पशुवैद्याकडून करून घ्यावे. शक्य असेल तर पुढे माद्या आणि खच्ची नर वेगळ्या कप्प्यांत ठेवून त्यांना वेगळे खाद्य द्यावे.

सहावी पायरी: मोजावे आणि मगच विकावे

पाठीवरची चरबी मोजण्याची जगभर रूढ जागा शेवटच्या बरगडीजवळ, पाठीच्या मध्यरेषेपासून साडेसहा सेंटिमीटर बाजूला असते. ध्वनिलहरींच्या छोट्या यंत्राने जिवंत जनावराची चरबी मिलिमीटरमध्ये कळते. यंत्र परवडत नसेल तर कत्तलीनंतर त्याच जागी पट्टी लावून आकडा वहीत लिहावा. शेजारी जात, लिंग, वजन आणि खाद्य लिहावे. वजनकाटा नसल्यास छातीचा घेर आणि कानांच्या मधोमधपासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी मीटरमध्ये मोजावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी गुणिले ६९.३ केले की किलोमध्ये अंदाज मिळतो. घेर १ मीटर आणि लांबी १.२ मीटर असल्यास वजन सुमारे ८३ किलो येते.

विकायची वेळ ठरवायला एकच कसोटी पुरते. दर पंधरा दिवसांनी वजनवाढ आणि खाद्य मांडून एक किलो वाढीला किती खाद्य लागले ते काढावे. चाळीस किलोंच्या आसपास अडीच-पावणेतीन किलो असलेला हा आकडा वजनाबरोबर चढत जातो. त्या जादा खाद्याची किंमत वाढलेल्या किलोच्या भावाला जाऊन भिडली की जनावर ठेवण्यात अर्थ उरत नाही. सुधारित जातींत ही वेळ बहुधा ८० ते १०० किलोंदरम्यान येते, गावठी डुकरांत बरीच आधी.

सातवी पायरी: चरबी घट्ट हवी असेल तर खाद्यातले तेल पाहावे

सर्वच गिऱ्हाइकांना चरबी नको असते असे नाही. गोव्यातील चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज, करताना मांसाबरोबर चरबीचे तुकडे लागतात, आणि ते कापताना पसरता कामा नयेत, वाळताना तेल सोडता कामा नयेत. स्टार्चपासून डुकराने स्वतः घडवलेली चरबी पांढरी आणि घट्ट असते. लिनोलेइक आम्ल मात्र डुकराला बनवता येत नाही. ते तेल न काढलेले सोयाबीन, मका, तेलकट भातकोंडा आणि हॉटेलचे तळणाचे तेल यांतून येते आणि साठ्यात तसेच उतरते. चरबीतील त्याचे प्रमाण १५ टक्क्यांच्या पुढे गेले की चरबी मऊ, तेलकट होते आणि लवकर खवट होते. उपाशीपोटी वाढलेल्या, अगदी पातळ थराच्या डुकरांतही हेच दिसते, कारण त्यांनी स्वतःची चरबी फारशी घडवलेलीच नसते.

यासाठी विक्रीपूर्वीचे किमान सहा आठवडे तेलकट कोंडा आणि तळणाचे तेल बंद करावे आणि ऊर्जा ज्वारी, तांदळाची कणी, गहू यांतून द्यावी. जुनी आम्ले हळूहळूच बदलली जातात, म्हणून शेवटच्या आठवड्यात खाद्य बदलून काही साधत नाही. कोकणात माशांचे टाकाऊ भाग स्वस्त मिळतात आणि प्रथिन म्हणून ते चांगलेच आहेत, पण त्यांचे तेल चरबीत उतरून मांसाला मासळीचा वास येतो. तेही याच मुदतीत बंद करावेत.

आठवी पायरी: डुकरिणीचा हिशेब वेगळा ठेवावा

पैदाशीच्या मादीला चरबी हा राखीव साठा असतो, म्हणून विक्रीच्या डुकरांचे नियम तिला लावू नयेत. चरबीपेशींतून निघणारे लेप्टिन हे संप्रेरक मेंदूला साठ्याची वर्दी देते, आणि साठा फार कमी असेल तर मादी उशिरा माजावर येते. गाभणपणाच्या ११४ दिवसांत तिला रोज साधारण दोन ते अडीच किलो समतोल खाद्य पुरते. भुकेली दिसते म्हणून अधिक घालत गेल्यास ती विताना अडते, आणि व्याल्यावर तिची भूक मंदावते, जे तिला सर्वांत महागात पडते. कारण दहा पिल्लांना पाजणाऱ्या मादीला त्या काळात पोटभर, दिवसातून तीन-चार वेळा खायला लागते. तिने कमी खाल्ले तर दूध तिच्या अंगावरच्या चरबीतून आणि नंतर स्नायूंतून निघते.

कमरेचे हाड आणि बरगड्या तळहाताने चाचपाव्यात. दाब दिल्यावर हाड लागावे, नुसते पाहून दिसू नये, ही योग्य स्थिती. न दाबता हाड बोचत असेल तर रोजचे खाद्य अर्ध्या किलोने वाढवावे. जोराने दाबूनही लागत नसेल तर पाव ते अर्धा किलो कमी करून कोंडा किंवा हिरवा चारा द्यावा, म्हणजे पोट भरेल पण ऊर्जा वाढणार नाही. ही तपासणी माज लागताना, गाभणपणाच्या मध्यावर, विण्याच्या दोन आठवडे आधी आणि दूध तोडताना अशी चार वेळा करून कप्प्यावर टांगलेल्या पाटीवर नोंदवावी.